येतो म्हणा, मग दिवा घ्या

चांदेकर काकांना जेवणाची वेळ सोडली तर बसलेलं मी कधी पाहिलं नाही, आणि जेवतानाही ते उकिडवे बसायचे, म्हणजे ते बसणं धरायचं की नाही तुम्हीच ठरवा. चहा उभ्याने. पेपर उभ्याने. दाढी अंगणात फिरत फिरत, एका हातात आरसा. सायकलचं स्टँड लावलेलं मला आठवत नाही, ती कायम भिंतीला टेकवलेली, कारण "स्टँड लावलं का मानूस रमते." त्यांच्याकडे नुसतं बघून मला धाप लागायची. आमच्या दोन क्वार्टरांमध्ये एकच भिंत, आणि पलीकडे ह्या माणसाच्या येरझारा. शाळेतले गणिताचे पेपर तपासताना वैतागून मी भिंतीवर पट्टी आपटायची, तर पलीकडून लगेच आवाज यायचा, "चालू द्या बाई, चालू द्या!" अहो, मी काय चालू देऊ, तुम्ही थांबा ना!

बेल्लमपल्लीला आम्ही आलो ते ह्यांच्या नोकरीपायी, ऐंशीच्या दशकात. ह्यांचं काम कोळशाच्या खाणीच्या इलेक्ट्रिक विभागात. माझं माहेर बाजारहत्नूरकडचं, कापूस-ज्वारीचं. तिथं धूळ असायची ती निदान मातीची. इथं दोरीवर वाळत घातलेलं पातळ काढायला जावं तर हाताला काळं लागायचं. सगळीकडे तेलुगू. अशात शेजारून "काय वो बाई, कुठची तुमी?" असं ऐकू आलं आणि मी खरंच सांगते, माझे डोळे भरून आले. चांदेकरांची घरं इकडे निजामाच्या काळापासूनची. हजेरीला ते 'हाजरी' म्हणायचे, सुटीला 'रुखसत', आणि कमलाकाकूंना हाक मारताना नुसतं "ऐकून राह्यली का?"

काकांची नोकरी लॅम्परूमची. खाणीच्या तोंडाशी एक लांबट खोली, तिला जाळीची खिडकी. खाली उतरणारा प्रत्येक माणूस खिडकीत पितळी बिल्ला ठेवणार, काका त्याला टोपीवर लावायचा दिवा आणि पट्ट्याची बॅटरी देणार. पाळी संपली की दिवा परत, बिल्ला परत. भिंतीवर दिव्यांच्या खुंट्याच खुंट्या, प्रत्येकीला नंबर. खुंटी रिकामी म्हणजे माणूस अजून खाली आहे. सगळ्या खुंट्या भरेपर्यंत काका बसत नसत. तीन पाळ्यांच्या खाणीत सगळ्या खुंट्या एकाच वेळी भरणार कधी? म्हणजे झालंच की! बसायचा प्रश्नच मिटला.

एकदा दुपारची पाळी वर आली आणि राजय्या नावाच्या माणसाची खुंटी रिकामी राहिली. काकांनी माणसं खाली-वर नेणाऱ्या पिंजऱ्याजवळ जाऊन विचारलं, खाली फोन लावला, पाळीच्या मुकादमाशी, ओव्हरमनशी, भांडले. राजय्या खाली कुठेच नाही. काकूंनी डबा पाठवला तो तसाच परत आला. शेवटी काका सायकल घेऊन निघाले आणि ताडीच्या दुकानात राजय्या सापडला, कपाळावर दिवा लावलेला, आणि तोही पेटलेला! त्याला त्या दिवशी मुलगी झाली होती आणि खुशीत तो दिव्यासकट तडक दवाखान्यात आणि तिथून ताडीला गेला होता. सगळ्यांना वाटलं, आता काका ह्याला फोडून काढणार. काकांनी त्याच्या डोक्यावरून दिवा उतरवला, "पोरगी झाली? बेस झालं," म्हणाले, दिवा नेऊन खुंटीला लावला आणि मग घरी येऊन चार भाकरी खाल्ल्या.

खिडकीचा आणखी एक कायदा होता, कंपनीचा नव्हे, काकांचा. दिवा घेताना माणसानं "येतो" म्हणायचं. आपल्यात घरातून निघताना कोणी "जातो" म्हणत नाही, तेलुगूतही नाही. तेही "वस्ता" म्हणूनच निघतात. पण घरी चुकून म्हटलं तर आई डोळे वटारते, एवढंच. काका दिवाच देत नसत. एकदा बाहेरगावचा नवा इंजिनियर आला, खिडकीत हात घालून म्हणाला, "जल्दी दो, नीचे जाना है." काकांनी दिवा छातीशी धरला. "क्या बोलना है?" तो म्हणाला, "क्या बोलना है मतलब? जाता हूँ!" काका हलेनात. मागे रांग खोळंबली, कोणीतरी ओरडलं, "सार, वस्ता अनंडी!" येतो म्हणा! इंजिनियर लालबुंद झाला, तक्रार करीन म्हणाला, आणि शेवटी दात खात "आता हूँ" म्हणाला तेव्हा काकांनी त्याला दिवा दिला आणि वर नमस्कारही केला. घरी येऊन ह्यांनी ही गोष्ट सांगितली तेव्हा मी पोट धरून हसले.

हसू नंतर थांबलं, कारण नलूचं प्रकरण मी भिंतीतून ऐकलेलं होतं.

नलू म्हणजे काकांची एकुलती एक. गावातल्या मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकली, हुशार, आणि बापासारखीच हट्टी. तिथल्या सिस्टरांच्या ओळखीनं तिला स्पेनमध्ये म्हाताऱ्यांच्या आश्रमात नोकरी मिळाली. काका म्हणाले, नाही. ती म्हणाली, हो. आठवडाभर भिंतीपलीकडे नुसता आरडाओरडा. निघायच्या दिवशी मी डबा करून द्यायला गेले होते. ती ट्रंक उचलून दारात आली, काका अंगणात फेऱ्या मारत होते. तिने त्यांच्याकडे न बघता म्हटलं, "जाते मी."

काका थांबले. मला वाटलं आता अडवतील. "जा," म्हणाले.

तिने तिकडेच लग्न केलं, बस चालवणाऱ्या माणसाशी. पुढे मुलगी झाली. हे सगळं काकूंकडून कळायचं, काकांसमोर नलूचं नाव काढायची सोय नव्हती. पण त्यांच्या येरझारा वाढल्या होत्या, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

नव्वदच्या दशकात कॉलनीच्या नाक्यावर टेलिफोनचा बूथ आला आणि ठरल्या रविवारी नलूचा फोन यायला लागला. काकू आत बोलायच्या, काका बाहेर रस्त्यावर. एका रविवारी मी सोबत होते. काकूंनी दार उघडलं, काकांचा हात धरून आत ओढलं आणि फोन त्यांच्या कानाला लावला. पलीकडे नात होती. ती काहीतरी भरभर, लांबलचक बोलली, मग गप्प बसली, बहुधा उत्तराची वाट बघत. काका फोन धरून उभे. "हां," म्हणाले. मग पुन्हा "हां." घामानं त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. फोन ठेवून बाहेर आले आणि मला म्हणाले, "बाई, माही नात माह्याशी बोलून राह्यली, अन मी भिंतीवानी उभा. काय करू?" एवढा खंबीर माणूस रडवेला झालेला बघवेना. मी म्हटलं, शिका तिची भाषा. मला काय ठाऊक, ते खरंच शिकतील!

दवाखान्यात सिस्टर आन्सी होत्या, केरळच्या, स्पेनमध्ये बरीच वर्षं काढलेल्या. रविवारी दुपारी काका त्यांच्या व्हरांड्यात हजर. सिस्टर खुर्चीवर, काका खांबाभोवती. हिंदीतून स्पॅनिश चालायचं. आधी सिस्टरांनी रीतसर तक्ते सुरू केले, मी बोलतो, तू बोलतोस, तो बोलतो. काकांच्या डोक्यात काही शिरेना. वर्तमानकाळ, भूतकाळ, भविष्यकाळ, आणि प्रत्येकाला सहा-सहा रूपं. सिस्टर वैतागल्या, काका त्याहून वैतागले. मग एका रविवारी धडा आला चालू क्रियेचा, आणि काका व्हरांड्यातून जे धावत सुटले ते थेट आमच्या दारात.

"बाई! सापडलं! हे तं आपलंच हाय!"

म्हणे, 'आब्लार' म्हणजे बोलणं. त्याची शेपटी काढाची अन 'आंदो' लावाचं: 'आब्लांदो'. 'कोमेर' म्हणजे खाणं, त्याले 'इएन्दो': 'कोमिएन्दो'. आणि पुढं फक्त 'एस्तोय' ठेवलं की झालं. "एस्तोय आब्लांदो, बोलून राह्यलो. एस्तोय कोमिएन्दो, खाऊन राह्यलो. आपन दिवसभर हेच तं बोलतो, करून राह्यलो, जाऊन राह्यलो! ते लोक आपलेच कोनी दिसते!"

आता पुण्यातला माणूस असता तर त्याला हे इतकं भिडलं नसतं, पण आमच्या बोलीत 'राह्यलो'शिवाय पानही हलत नाही. काकांनी बाकीचे काळ सोडूनच दिले. सिस्टरांनी परोपरीनं सांगितलं, नुसत्या एका रूपावर भाषा चालत नाही. काका म्हणाले, "जे होऊन गेलं ते काऊन बोलाचं? जे होनार हाय ते कोनाले ठाव? चालू हाय तेवढं सांगतो ना मी."

त्यानंतर काकूंचे हाल कुत्रा खाईना. त्या झाडायला लागल्या की हे मागे, "बार्रिएन्दो!" भात चिवडत बसल्या की "कोमिएन्दो!" डोळा लागला की कानाशी "दुर्मिएन्दो!" एक दिवस काकू झाडू घेऊन आमच्याकडेच येऊन बसल्या. "माय वो, मी झाडून राह्यली हे मले ठाव नाई का? तोंडानं काऊन सांगाव लागते?" काका दारातून म्हणाले, "सेन्तान्दो... नाई नाई, एस्ता सेन्तादा." बसलीय, हे चालू काम नाही, त्याला वेगळं रूप लागतं, हे सिस्टरांनी त्यांच्या टाळक्यात घातलेलं होतं. बसण्याबद्दल ह्या माणसाला काय कळायचंय, असं मी पुटपुटले.

काही शब्द मुळातच बदलतात. 'दोर्मिर'चं 'दुर्मिएन्दो' होतं, मधला 'ओ' जाऊन 'उ' येतो. काकांना ते पटलं, "झोपेत मानूस थोडा बदलतेच." पण 'जाणं' ह्या शब्दाचं रूप, 'येन्दो', इवलासा शब्द, तो मात्र त्यांनी शिकायला साफ नकार दिला. "ते मले नको." त्याऐवजी त्यांना 'येणं' पाहिजे होतं. 'बेनिर', त्याचं 'बिनिएन्दो'. येऊन राह्यलो. खिडकीत दिवा देताना आता ते खाणकामगारांकडूनही तेच वदवून घ्यायला लागले आणि ते बिचारे तेलुगू लोक "बिनिएन्दो, बिनिएन्दो" करत पिंजऱ्यात चढायचे. सिस्टर कपाळाला हात लावायच्या. निघताना स्पेनमध्ये असं कोणी म्हणत नाही चांदेकर, आत्ता ह्या क्षणी रस्त्यानं येत असाल तरच ते चालतं. "आमच्याकडं चालते," काका म्हणायचे. विषय संपला.

आणि मग एका हिवाळ्यात नलू मुलीला घेऊन आली. काकांनी स्टेशनवर बोलायचं वाक्य महिनाभर घोटलेलं. गाडी आली, नलू उतरली, तिने बापाकडे पाहिलं, बापाने तिच्याकडे, आणि दोघांनीही तोंडं फिरवली. काका वाकून नातीला म्हणाले, "एस्तोय एस्पेरान्दो." वाट पाहून राह्यलो. पोरगी आईच्या मागे लपली. तिचं नाव क्लारा, सहा-सात वर्षांची असेल. काकूंनी तिला तिथंच कलावती करून टाकलं आणि कडेवर घेतलं.

पुढचे दिवस बघवत नव्हते. काका शब्द घेऊन तिच्यामागे, ती त्यांना बघून पळणार. आणि काकू? काकूंना स्पॅनिशचा एक शब्द येत नव्हता. "कलावती, इकडं ये, ठेचा नको लावू जिभेले, हे घे लोनी," असं चालायचं आणि ती पोर चुलीपाशी बसून भाकरी खायची. काकांचा तो अपमानच होता. "मी वर्षभर शिकून राह्यलो अन हे पाय!" नलू आणि काका तर एकमेकांशी बोलतच नव्हते. सगळं काकूंमार्फत. "त्यायले सांग, चहा थंड होऊन राह्यला." "तिले सांग, मले डोळे हायत." एका खोलीत बसून हे असं! दोघांना धरून एकमेकांवर आपटावं असं मला वाटायचं.

शेवटी एका सकाळी काकूंनीच क्लाराला काकांबरोबर लॅम्परूमला पिटाळलं, आणि मलाही सोबतीला धाडलं. खोलीत शिरताच पोर थबकली. भिंतभर खुंट्या, दिवे, बॅटऱ्यांचे लाल ठिपके. काका गडबडीत होते, पाळी बदलत होती, बोलायला सवड नव्हती. ते दिवा पुसतात, लावून बघतात, देतात, बिल्ला घेतात. ती जवळ जवळ येत गेली आणि सदऱ्याचं टोक ओढून म्हणाली, "के एस्तास आसिएन्दो, आबुएलो?"

काय करून राह्यला, आजोबा?

अहो, जगातला हा एकच प्रश्न असा होता की ज्याचं उत्तर ह्या माणसापाशी पोत्यानं भरलेलं होतं! पुसून राह्यलो, देऊन राह्यलो, मोजून राह्यलो, बघून राह्यलो, काका सुटले ते सुटलेच. ती खिदळत चुका सांगायला लागली. दुपारपर्यंत तिच्या डोक्यावर दिवा होता आणि खिडकीत ती उभी होती. "बिनिएन्दो" म्हटल्याशिवाय दिवा नाही, हे तिने एका फटक्यात उचललं. "नो से दीसे असी, आबुएलो," असं बोलत नाहीत, हेही तिने सांगितलं, पण खेळ तिला आवडला. राजय्याला तर तिने तीनदा म्हणायला लावलं. मी काकांकडे बघत होते. सुखानं माणूस इतका येडबंबू दिसू शकतो हे मला माहीत नव्हतं.

नलूशी मात्र शब्द नाही. आणि निघायचा दिवस आला.

आमचीही बदली आदिलाबादला झाली होती, सामान बांधलेलं होतं, त्यामुळे मी काकांना पाहिलं ते त्या दिवशी शेवटचंच. स्टेशनवर सगळे होतो. बेल्लमपल्लीला गाडी थांबते तरी किती! ट्रंक चढली, पिशव्या चढल्या, नलू क्लाराला घेऊन दारात उभी राहिली. खाली राहिली एक हातातली बॅग. ती काकांकडे होती आणि काकांनी ती छातीशी धरली होती. मला लॅम्परूमची खिडकी आठवली.

"आई, त्यायले सांग, बॅग द्या म्हनाव," नलू म्हणाली. काका हलेनात.

क्लारा लगेच ओळखून ओरडली, "बिनिएन्दो, आबुएलो! बिनिएन्दो!" काकांनी होकाराची मान हलवली, तिच्या गालाला हात लावला. पण बॅग सोडली नाही. नलूकडे बघत राहिले.

शिट्टी झाली. नलूचा चेहरा पांढरा पडला. पहिल्यांदाच ती थेट त्यांच्याशी बोलली. "बाबा, पासपोर्ट हायत त्याच्यात." गाडी हलली. काका बॅग घेऊन डब्याबरोबर चालायला लागले. मी किंचाळले, "काका, द्या ना! वेड लागलं का तुम्हाला!" काकू माझ्या पुढे धावल्या, "नले, म्हन ना वो एकडाव! काऊन जीव घेऊन राह्यली त्यायचा!" नलू दांडी धरून उभी, ओठ दाबलेले, डोळ्यातून पाणी. काकांचं चालणं पळणं झालं. फलाटाचं टोक दिसायला लागलं.

"येते!" नलू ओरडली. "येते मी, बाबा! येते ना!"

बॅग आत गेली. क्लाराचा हात बराच लांबपर्यंत हलत होता.

मी धापा टाकत पोचले तेव्हा काका फलाटाच्या टोकाला गुडघ्यांवर हात टेकून उभे होते. काकू रडत होत्या, मीही रडत होते, आणि संतापलेही होते. बाजूला सिमेंटचं बाकडं होतं. मी म्हटलं, "बसा काका. आता तरी बसा. म्हणाली ना ती?"

"म्हनली ना! म्हनूनच तं." काकांनी सदऱ्यानं तोंड पुसलं. चेहरा असा, की राजय्याची खुंटी भरली तेव्हाही एवढा उजळला नसेल. "आता दोन दिवे बाहेर हायत, बाई. बसून कसं चालते?"

आणि ते फलाटावर येरझारा घालायला लागले.